मरणाचा इतिहास कसा लिहितात?

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अमुक राजा अमुक साली वारला, एवढे इतिहासात येते. पण वारताना तो मरणाकडे कोणत्या नजरेने पाहत होता, आणि त्याच्या घोड्याला दाणा घालणारा मोतद्दार कोणत्या नजरेने पाहत होता, हे विचारण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. कोणी विचारलेच तर ‘मरण ते मरण, त्याचा कसला आला आहे इतिहास?’ असे म्हणून आपण त्याची बोळवण करतो. मरण सर्व काळी सारखेच, हे खरे. परंतु मरणाऱ्याने काय करावे, मागे राहिलेल्यांनी काय करावे, मेलेला माणूस कोठे जातो आणि तेथून त्याचे आपल्याशी काही नाते उरते की नाही, याविषयीच्या समजुती सर्व काळी सारख्या नसतात. त्या बदलतात, आणि जे बदलते त्याला इतिहास असतोच. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांतून गेली सुमारे पन्नास वर्षे हा विषय रीतसर शिकवला जात आहे, आणि त्यातही युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यात विशेष भर घातली आहे. हा अभ्यास कसा करतात, त्यात हाती काय लागते आणि पाय कोठे घसरतो, हे येथे सांगावे असा आमचा विचार आहे.

या विषयाच्या वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा दोनपैकी एक समजूत बरोबर घेऊन येतो. पहिली समजूत अशी की त्या काळी माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत, घरोघरी पाळणे रिकामे होत, त्यामुळे लोकांची मने मरणाला सरावून निबर झाली होती. दुसरी याच्या अगदी उलट. मध्ययुगीन माणूस जन्मभर नरकाच्या भीतीने थरथरत होता, भिंतींवर सांगाडे रंगवीत होता, आणि पाद्री ती भीती विकून पोट भरत होते. दोन्ही समजुतींना थोडा थोडा आधार आहे. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. जो भीतीने थरथरतो तो निबर कसा?

दुसऱ्या समजुतीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक योहान हायझिंगा यांनी. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मध्ययुगाचा शरदऋतू’ या आशयाच्या नावाच्या ग्रंथात त्यांनी पंधराव्या शतकातील फ्रान्स आणि नेदरलंड्सचे जे चित्र रंगवले, त्यात मरणाचा विचार सारखा घोंघावत असतो. पॅरिसच्या ‘पवित्र बालकां’च्या दफनभूमीत १४२४-२५ साली भिंतीवर एक चित्रमाला काढली होती. पोप, सम्राट, सरदार, व्यापारी, शेतकरी, तान्हे मूल, असे एकेकाचा हात धरून मृत्यू सर्वांना नाचवीत नेत आहे, असा तिचा विषय. ती भिंत १६६९ साली पाडली गेली. पण १४८५ साली एका मुद्रकाने तिच्यावरून छापलेले पुस्तक उरले आहे, म्हणून आपल्याला तिची कल्पना तरी येते. आता गंमत अशी की ही दफनभूमी शहराच्या भर बाजारात होती. लोक तेथे फिरायला येत आणि सौदे करीत. वर अस्थिगृहांतून जुन्या कवट्या रचलेल्या असत. भीतीचे चित्र भिंतीवर आणि त्याच्याखाली भाजीचा भाव! या दृश्यावरून भीती सिद्ध करायची की सलगी, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

सलगीची बाजू घेतली ती फिलिप आरिएस या फ्रेंच लेखकाने. हा गृहस्थ मोठा मौजेचा. आयुष्याचा बराच काळ तो कोणत्याही विद्यापीठात नव्हता; उष्ण कटिबंधातील फळांविषयी माहिती गोळा करणाऱ्या एका संस्थेत तो नोकरी करी आणि उरलेल्या वेळात जुनी दफ्तरे चाळी. स्वतःला तो ‘रविवारचा इतिहासकार’ म्हणवून घेई. १९७७ साली त्याचा मरणावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जे काम पदवीधर पंडितांनी करावयाचे ते एका नोकरदाराने केल्याचे सर्वांना दिसले. आरिएसचे म्हणणे असे की जुन्या काळचे मरण हे ‘माणसाळलेले’ मरण होते. माणसाला आपला शेवट जवळ आल्याची जाणीव होई. तो अंथरुणावर पडे, आप्तेष्टांना जवळ बोलावी, क्षमा मागे, क्षमा करी, देवाचे नाव घेई आणि जाई. खोलीत शेजारीपाजारी, लेकरेबाळे सर्व असत. कोणी आक्रोश करून आकाशपाताळ एक करीत नसे. याच्या उलट आजचा माणूस रुग्णालयाच्या पडद्याआड, नळ्या लावलेल्या स्थितीत, आपण मरत आहोत हे कळू न देता मरतो. पूर्वी माणसाळलेले मरण आता रानटी झाले, असा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ.

वाचताना हे फार पटते. आमच्या पिढीने घरात मरणारी माणसेही पाहिली आणि रुग्णालयात मरणारीही पाहिली; त्यामुळे आरिएसचे बोलणे आम्हांला आपल्या घरचेच वाटावे यात नवल नाही. पण इतिहासात जे फार पटते त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे. आरिएसचा पुरावा कोणता? त्याचा एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे रोलां नावाचा वीर. इ. स. ११००च्या सुमारास रचलेल्या फ्रेंच वीरकाव्यात हा रोलां झाडाखाली आडवा होतो, तोंड शत्रूच्या मुलखाकडे करतो, तलवार अंगाखाली घेतो, उजव्या हातातील हातमोजा देवाला अर्पण करतो आणि प्राण सोडतो. सुंदर मरण आहे यात शंका नाही. परंतु ज्या लढाईत तो मेला ती ७७८ सालची, म्हणजे कवी तिच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता! नॉर्बर्ट एलियास या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९८२ साली नेमके यावरच बोट ठेवले. वीरकाव्यातले मरण हे माणसे कशी मरत याचा पुरावा नसून माणसांनी कसे मरावे असे वाटे याचा पुरावा आहे, असे त्याने सुनावले. पोवाड्यावरून रणांगणावरील जखमी शिपायाचे हाल ताडावयाचे नसतात, हे आपल्याला वेगळे सांगण्याची जरुरी नाही.

मग पुरावा शोधायचा कोठे? येथून खऱ्या अभ्यासाला सुरुवात होते. आणि विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो असा की मरणाचे तत्त्वज्ञान ऐकायला आलेल्या त्याला आधी लॅटिन आणि जुनी अक्षरे वाचायला बसवतात. कारण मरणाचा इतिहास ज्या कागदांत दडला आहे ते कागद बहुतांशी मृत्युपत्रे आहेत. दक्षिण युरोपात नोटरींच्या दफ्तरांत आणि इंग्लंडात धर्मपीठांच्या नोंदवह्यांत अशी हजारो मृत्युपत्रे पडून आहेत. इंग्लंडातले एखादे पंधराव्या शतकातले मृत्युपत्र उघडावे. मी अमुक, मनाने सावध पण शरीराने क्षीण. माझा आत्मा मी सर्वशक्तिमान देवाला, मेरीमातेला आणि सर्व संतांना अर्पण करतो. माझे शरीर अमुक चर्चच्या आवारात पुरावे. इतके मेण मेणबत्त्यांसाठी. इतके पैसे गरिबांना. इतके पैसे पाद्रीबोवांना, वर्षभर माझ्यासाठी मिस्सा म्हणण्याबद्दल. नंतर कोठे भांडीकुंडी, गाद्यागिरद्या आणि मेंढरे येतात.

विद्यार्थी हरखून जातो. मरणाऱ्याचा आवाज सापडला असे त्याला वाटते! तेव्हा शिक्षक त्याच्यापुढे दुसरे मृत्युपत्र ठेवतात, तिसरे ठेवतात, विसावे ठेवतात. आरंभीची वाक्ये सर्वत्र तीच. म्हणजे तो आवाज मरणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्या कारकुनाचा आहे. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतील ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ वाचून लिहिणारा खरोखर आडवा पडला होता असे कोणी समजू नये, तसेच हे. शिवाय मृत्युपत्र करी कोण? ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे तो. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून ते करता येत नसे. गडी, कुळे, भिकारी यांचे मरण या दफ्तरात नाही.

तरीही हे दफ्तर मुके नाही. एका मृत्युपत्रावरून काही सांगता येत नसले तरी हजारांची तुलना केली की साचा कोठे वाकला ते दिसते. आणि साचा वाकला की कोणीतरी तो वाकवला असला पाहिजे. सॅम्युएल कोन या अमेरिकन इतिहासकाराने मध्य इटलीतील फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, आरेत्सो, पेरुजा आणि असिसी या सहा शहरांतील मृत्युपत्रे अशा रीतीने पडताळून १९९२ साली ग्रंथ लिहिला. १३४८ सालच्या महामारीने सारे बदलले असावे, अशी कोणाचीही अपेक्षा. पण आकड्यांनी वेगळेच सांगितले. पहिल्या महामारीनंतर लोक जुन्याच पद्धतीने लहान लहान दाने अनेक ठिकाणी वाटत राहिले. १३६२-६३च्या सुमारास रोग पुन्हा आला, तेव्हा मात्र वळण आले. पैसा थोड्या ठिकाणी एकवटून देण्याकडे आणि आपले नाव, आपले थडगे, आपल्या घराण्याची स्मृती मागे राहावी याकडे लोकांचा कल झाला. एकदा आलेले संकट दैवी कोप म्हणून सोसता येते. ते परत येते, आणि पुन्हा येणार हे कळते, तेव्हा माणूस आपला विचार बदलतो. हे आम्हांला फार खरे वाटते.

त्या महामारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १३४७च्या ऑक्टोबरात ती सिसिलीतील मेसिना बंदरात उतरली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिने युरोपातील निदान तिसरा हिस्सा माणसे, कित्येकांच्या मते निम्मी किंवा त्याहूनही अधिक, नेली. सिएनाच्या एका इतिवृत्तकाराने आपली पाच मुले आपल्याच हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच शहरातील मोठ्या चर्चचा १३३९ साली सुरू झालेला विस्तार जो थांबला तो थांबलाच. त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे. फ्लॉरेन्सच्या बोकाच्चोने आपल्या कथासंग्रहाच्या प्रारंभी जे वर्णन केले आहे, त्यात भाऊ भावाला टाकतो, आईबाप मुलांना टाकतात. हे वर्णन इतके प्रभावी आहे की पुढे सहा शतके सर्वांनी तेच खरे धरले. समाज कोसळला, मरणाचे संस्कार उडाले, मेलेल्यांना कचऱ्यासारखे खड्ड्यात लोटले, असेच सर्व पुस्तकांतून लिहिले गेले.

मग लंडनला टॉवर किल्ल्याजवळ, ईस्ट स्मिथफील्ड येथे, १९८६ ते ८८ या काळात उत्खनन झाले. ही दफनभूमी खास महामारीसाठीच १३४८-४९च्या सुमारास उघडलेली होती. येथील सांगाड्यांच्या दातांतूनच पुढे २०११ साली प्लेगच्या जंतूची संपूर्ण आनुवंशिक रचना वाचण्यात आली, आणि तो रोग प्लेगच होता की नाही हा जुना वाद बहुतांशी मिटला. पण आम्हांला सांगावयाचे ते दुसरेच. येथे लांब चर खणलेले सापडले, त्यांत एकावर एक पाच-पाच थर प्रेते होती. आणि ती लोटलेली नव्हती. ओळीने, पाठीवर, डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी उठून पूर्वेकडे तोंड होईल अशा शास्त्रोक्त रीतीने ती निजवलेली होती. कित्येकांना तर स्वतंत्र खड्डा आणि शवपेटीही लाभली होती. रोज शेकडो माणसे मरत असताना, उद्या आपली पाळी आहे हे जाणून, कोणीतरी त्या चरात उतरून एकेका अनोळखी प्रेताची दिशा नीट करीत होते. बोकाच्चो खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या लेखणीने जे सांगितले नाही ते मातीने सांगितले. निबर मनाची माणसे हे करीत नाहीत, आणि नुसत्या भीतीने वेडी झालेलीही करीत नाहीत.

त्याच काळात धर्माधिकाऱ्यांनाही नियम वाकवावे लागले. बाथ आणि वेल्सच्या बिशपने १३४९च्या जानेवारीत पत्र काढून कळवले की, मरणाऱ्याला पाद्री मिळत नसेल तर त्याने कोणाही सामान्य माणसापाशी, आणि पुरुष नसेल तर बाईपाशीही, पापांची कबुली द्यावी. त्या काळच्या चर्चने बाईचे नाव घ्यावे म्हणजे केवढी निकड असली पाहिजे! कबुलीवाचून मरणे हेच खरे मरण, असे त्यांना वाटत होते. रोगाने अचानक गाठावे ही भीती देहाच्या नाशाची नव्हती. तयारी न होता जावे लागेल, ही होती.

ही तयारी कशासाठी, हे कळण्यास त्यांचा परलोकाचा नकाशा पाहावा लागतो. स्वर्ग आणि नरक सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यामध्ये पर्गेटरी, म्हणजे शुद्धिलोक म्हणू या, असा एक मुक्काम होता. धड पुण्यवान नाही आणि धड पापीही नाही असा सामान्य माणूस तेथे यातना भोगून शुद्ध होई आणि मग स्वर्गात जाई. या स्थळाला स्वतंत्र नाव मिळाले ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, असे जाक ल गॉफ या फ्रेंच पंडिताने १९८१ साली मांडले. कल्पना त्याहून पुष्कळ जुनी होती असे त्याचे टीकाकार म्हणतात, आणि त्यांचेही बरेचसे खरे आहे. महत्त्वाचे ते हे की शुद्धिलोकातील मुदत जिवंत माणसांना कमी करता येत असे. प्रार्थनेने, दानाने, मिस्सांनी. म्हणजे मेलेला बाप मुलाच्या हाताकडे पाहत असे. २ नोव्हेंबरला वसईला किंवा गोव्याला जो गेला असेल त्याने थडग्यांवर मेणबत्त्या लागलेल्या पाहिल्या असतील. त्या सर्व मृतांच्या दिवसाची प्रथा फ्रान्समधील क्लुनीच्या मठाधिपती ओदिलोने अकराव्या शतकाच्या सुमारास घालून दिली. श्राद्ध-पिंड करणाऱ्या आपल्या समाजाला हे चटकन कळते. मात्र फार चटकन कळले म्हणून जपावे. आपला पितर पुढे नातवंडांना आशीर्वाद देतो, कुळाशी बांधलेला असतो. तेथील आत्मा कोणाही परक्याच्या प्रार्थनेने सुटत असे, आणि म्हणूनच थडग्यावर वाटसरूला उद्देशून विनवणी कोरलेली असे. साम्य आहे, पण तेच ते नाही.

या व्यवहाराचा हिशेब पुढे फारच वाढला. आव्हिन्यों परिसरातील मृत्युपत्रांचा अभ्यास करणाऱ्या जाक शिफोलोने १९८० सालच्या आपल्या पुस्तकाला ‘परलोकाचा जमाखर्च’ अशा अर्थाचे नाव दिले, ते उगाच नव्हे. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने, जो १५०९ साली वारला, आपल्या मृत्युपत्रात दहा हजार मिस्सांची तरतूद केली. ज्यांना साधे ते मिस्सांसाठी कायमचे धर्मादाय निधी ठेवीत, आणि येथे विद्यापीठांचा संबंध येतो. केंब्रिजचे कॉर्पस क्रिस्ती कॉलेज १३५२ साली, महामारीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, शहरातील संघांनी काढले, त्यात मृत सभासदांसाठी प्रार्थना हा एक हेतू होता. ऑक्सफर्डचे ऑल सोल्स, म्हणजे ‘सर्व आत्म्यांचे’ कॉलेज, हेन्री चिचेली या आर्चबिशपने १४३८ साली स्थापले. फ्रान्सच्या युद्धात पडलेल्यांसाठी तेथील विद्वानांनी प्रार्थना करावयाची होती. याच चिचेलीने कँटरबरीला आपले थडगे स्वतःच्या मृत्यूच्या बऱ्याच वर्षे आधी बांधून घेतले. वर उंची वस्त्रांतला आर्चबिशप, खाली त्याचेच उघडे, वाळलेले प्रेत. पुढची कित्येक वर्षे हा माणूस आपल्याच प्रेतासमोरून पूजेला जात असे. ज्या विद्यापीठांत आज मरणाचा इतिहास शिकतात त्यांतील काही कॉलेजे मेलेल्यांच्या पैशावर, मेलेल्यांसाठी उभी राहिली, हे तेथे शिकणाऱ्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

आणि हा विषय त्या काळच्या विद्यापीठांतही तापलेला होता. १३३१ साली पोप बाविसाव्या जॉनने प्रवचनात सांगितले की पुण्यात्म्यांनासुद्धा अखेरच्या न्यायदिवसापर्यंत देवाचे पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिस विद्यापीठाचे धर्मपंडित खवळले. फ्रान्सच्या राजाने त्यांची सभा भरवली, तिने पोपचे मत अमान्य केले. पोपने १३३४च्या डिसेंबरात मरणशय्येवर आपले म्हणणे मागे घेतले. त्याच्यामागून गादीवर आलेल्या बाराव्या बेनेडिक्टने १३३६ साली निर्णय देऊन टाकला की शुद्ध झालेल्या आत्म्याला लगेच दर्शन होते. हा बेनेडिक्ट म्हणजे पूर्वाश्रमीचा जाक फूर्निए, पिरेनीज पर्वतालगतच्या पामिए गावचा बिशप. पाखंड्यांच्या चौकशीत त्याने १३१८ ते १३२५ या काळात शेतकरी, मेंढपाळ, बायाबापड्या यांच्या ज्या जबान्या लिहवून घेतल्या, ती वही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. तिच्यावरूनच ल रॉय लादुरीने १९७५ साली ‘मोंतायू’ हा ग्रंथ लिहिला. त्या वहीत आर्नो जेलिस नावाचा एक चर्चचा गडी आहे. मेलेले आपल्याशी बोलतात, निरोप देतात, असे तो सांगतो. ते एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हिंडत असतात, रात्री झाडलोट केलेल्या घरात शेकायला येतात. रस्त्याने हात हलवीत चालू नये, मेलेल्यांना धक्का लागून ते पडतात, असेही तो सांगतो. पंडित ज्या प्रश्नावर वाद घालीत होते त्याचे उत्तर त्याला ठाऊक होते. मेलेले वाटेवरच होते, दाटीवाटीने. त्याच वहीत मूल गेलेल्या बायका रडताना दिसतात. पाळणे रिकामे होण्याची सवय झालेल्या आया आम्हांला तिच्यात आढळल्या नाहीत.

आपल्याकडे अशी वही नाही. पण गावोगाव वेशीबाहेर, देवळामागे वीरगळ पडलेले आहेत, सतीशिळा आहेत. खालच्या कप्प्यात लढाई, वर अप्सरा वीराला नेत आहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, हाही साचाच. यादवांच्या दरबारातील हेमाद्रीने श्राद्धाचे नियम विस्ताराने लिहून ठेवले, ती पंडिताची बाजू. साचा कोठे वाकला ते हजार दगड शेजारी शेजारी ठेवून पाहणारे विद्यार्थी हवेत.

युरोपातील ही व्यवस्था मोडली ती धर्मसुधारणेने. शुद्धिलोक शास्त्रात नाही, असे सुधारकांनी ठरवले. मग मिस्साही नकोत आणि निधीही नकोत. इंग्लंडात १५४७च्या कायद्याने ते धर्मादाय निधी राजाने जप्त केले. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारातील मृत्यूच्या नाचाची चित्रे १५४९ साली इमारतीसकट गेली. ईमन डफी या इतिहासकाराने १९९२ साली दाखवून दिले की सामान्य लोकांना हा जुना धर्म नकोसा झाला होता असे मुळीच नाही. वरून हुकूम आला म्हणून त्यांनी सोडला. त्या वर्षांत पुष्कळ चर्चमधील थडग्यांवरचे पितळी पत्रे खरवडण्यात आले. त्यांतले काही आजही जागेवर आहेत. मेलेल्याचे नाव आहे, सन आहे, हात जोडलेली आकृती आहे. ‘याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ हे दोन-तीन लॅटिन शब्द तेवढे छिन्नीने काढून टाकलेले आहेत.